वॉकीटॉकीवर “ऐकू येत नाही”: सेट मुका, बहिरा, की वाटच अडलेली?

सोसायटीचं गेट, गणपतीचा मांडव, मंगल कार्यालयाचं पार्किंग, बांधकामाची साइट. वॉकीटॉकी जिथे म्हणून वापरतात तिथे एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: “ऐकू येत नाही.” निकालही ठरलेला: “रेंज नाही.” मग जास्त वॉटचे सेट मागवले जातात आणि महिन्याभरात त्याच गेटवरून तीच तक्रार सुरू होते.

रेंज कमी पडते हे खरं, पण ती तपासायची सगळ्यात शेवटी. आधी एवढंच ठरवायचं: बोलणारा सेट मुका झालाय, ऐकणारा बहिरा झालाय, की दोघे ठणठणीत असून मधली वाट अडली आहे. त्याला तीन सेट आणि पाच मिनिटं पुरतात.

यंत्र करतं काय

मोबाइलला टॉवर लागतो, वॉकीटॉकीला लागत नाही. एक सेट लहरी सोडतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर लावलेले बाकी सगळे ऐकतात. नंबर लावायला नको, एका वाक्यात दहा जणांना निरोप पोचतो, आणि विसर्जनाच्या गर्दीत फोन लागेनासे झाले तरी हे चालतं. अडचण एकच, की एका वेळी एकानेच बोलायचं. बोलायचं बटन, म्हणजे पीटीटी, दाबलं की तुमच्या सेटचा कान बंद होतो. दोघांनी एकदम दाबलं तर त्या दोघांना एकमेकांचं काहीच कळत नाही. तिसऱ्याला शिट्टी नाहीतर घरघर ऐकू येते, किंवा ज्याचा सिग्नल जोरदार त्याचाच आवाज येतो.

आपल्याकडे विनापरवाना वापरायचे सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. शक्ती अर्धा वॉट. या पट्ट्यात १२.५ किलोहर्ट्झच्या अंतराने १६ चॅनल बसतात: पहिला ४४६.००६२५ वर, सोळावा ४४६.१९३७५ वर. जुन्या सेटमध्ये पहिले आठच असतात. त्यामुळे जुना आणि नवा सेट मिसळून वापरताना ९ च्या पुढचा चॅनल ठरवला की जुना सेट आपोआप बाहेर पडतो.

इथेच एक खास घरगुती गोंधळ होतो. अमेरिकेहून कोणीतरी हौसेने आणलेली जोडी ट्रेकला इथल्या सेटबरोबर वापरायला काढतात. दोन्हींच्या पडद्यावर “१” दिसतो, पण तिकडच्या सेटचा एक नंबर ४६२.५६२५ मेगाहर्ट्झवर आहे. जन्मभर बटन दाबलं तरी या दोघांची गाठ पडणार नाही. शिवाय तो पट्टा इथे परवानामुक्तही नाही, तेव्हा ती जोडी पेटीतच राहू द्यावी.

तीन सेटची चाचणी

सेट एकमेकांपासून निदान दहा-पंधरा पावलं लांब न्या. अगदी शेजारी धरून तपासू नका. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून कर्कश किंचाळी निघते, आणि इतक्या जवळून येणारा सिग्नल ऐकणाऱ्या सेटचं डोकं भंडावून सोडतो. “नवा सेट खराब निघाला” अशी तक्रार पुष्कळदा टेबलावर दोन सेट समोरासमोर ठेवून केलेली असते.

आता दिव्याकडे बघायचं. बहुतेक सेटवर बोलताना लाल आणि सिग्नल येत असताना हिरवा दिवा लागतो. पहिल्याने बोलायचं, दुसऱ्या-तिसऱ्याने दिवा सांगायचा. मग दुसऱ्याने बोलायचं, मग तिसऱ्याने.

लाल लागला आणि समोर एकाचाही हिरवा नाही: बोलणारा मुका, किंवा भलत्याच चॅनलवर. एकाचा हिरवा लागला, दुसऱ्याचा नाही: तो दुसरा बहिरा, किंवा तोच भलत्या चॅनलवर. हिरवा लागला, पण आवाज शून्य: हे सगळ्यात जास्त वेळा आढळतं आणि याचा रेंजशी काडीचा संबंध नाही. सगळं इथे व्यवस्थित चाललं आणि जागेवर गेल्यावरच बंद पडलं, तरच रेंजचा विषय काढायचा.

हिरवा लागतो, आवाज नाही

आवाजाची कळ कमी आहे का, इअरफोनची पिन अर्धवट खोचलेली आहे का, हे आधी बघून घ्या. पिन खोचली की आतला स्पीकर बंद होतो, आणि कानातलं बोंडूक गळ्यात लोंबत असेल तर ऐकणार कोण?

तिथे काही नसेल तर कोड जुळत नाहीये. सेटमध्ये चॅनलच्या जोडीला एक सब-कोड असतो. बोलताना तुमच्या आवाजाखाली एक बारीक सूर सोडला जातो, ६७.० ते २५०.३ हर्ट्झच्या दरम्यानचा. ऐकणारा सेट तोच सूर ओळखला तरच स्पीकर उघडतो. याला सीटीसीएसएस म्हणतात. डीसीएस हा त्याचाच डिजिटल भाऊ. सिग्नल पोचला म्हणून हिरवा लागतो, सूर जुळला नाही म्हणून तोंड उघडत नाही.

आता खरी मेख. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकत्र वापरताना सगळ्यांवर “कोड ८” लावला तरी जुळेलच असं नाही. ३८ सुरांच्या नेहमीच्या यादीत पहिला ६७.०, दुसरा ७१.९ आणि आठवा ८८.५ हर्ट्झ असतो. काही सेटच्या यादीत मात्र ६७.० नंतर ६९.३ घुसवलेला असतो, की पुढचे सगळे नंबर एकाने सरकले. तिथे ८८.५ नवव्या नंबरवर, आणि आठवर ८५.४. म्हणून नंबर जुळवू नका, हर्ट्झ जुळवा. तक्ता पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असतो. पुस्तिका हरवली असेल तर सगळ्या सेटवर कोड शून्य, म्हणजे बंद, करून बघा. आवाज आला तर चोर सापडला.

सूर निवडताना १००.० आणि १५१.४ टाळलेले बरे. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण १०० आणि १५० वर उमटते, आणि जनरेटरजवळ उभ्या माणसाच्या सेटला ती नडू शकते.

या कोडला डब्यावर “प्रायव्हसी कोड” म्हणतात, हे नाव दिशाभूल करणारं आहे. कोडने तुमचा कान बंद होतो, तुमचं बोलणं झाकलं जात नाही. कोड न लावलेला कोणीही त्या चॅनलवर सगळं ऐकतो. रोख रक्कम कुठे ठेवलीय, कोणता फ्लॅट बंद आहे, हे सेटवर बोलायचं नसतं.

याच कोडातून आणखी एक आजार निघतो. शेजारच्या मंडळाने तोच चॅनल पण वेगळा कोड लावला असेल, तर त्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, पण ते बोलत असताना तुमचा निरोप चिरडला जातो. लक्षण असं: चॅनल शांत वाटतो, तरी हिरवा दिवा अधूनमधून लागतो आणि आपल्या माणसाचं वाक्य मधूनच तुटतं. मॉनिटर बटन, म्हणजे कोड न बघता चॅनलवरचं सगळं ऐकवणारं, दाबून धरा. खरखर सुरू होईल आणि तिच्यात शेजारचे बोलताना ऐकू येतील. उपाय म्हणजे चॅनल बदलणे. नुसता कोड बदलून काहीही होणार नाही. एका रस्त्यावर चार मंडळं असतील तर आगमनाच्या आधीच चॅनल वाटून घ्यावेत. सगळे डब्यातून काढल्या काढल्या चॅनल १ वरच बसलेले असतात.

काही सेटमध्ये “चॅनल रिकामा नसेल तर बोलू देऊ नको” अशी सोय चालू असते. तेव्हा बटन दाबल्यावर लाल दिवा न लागता नुसतं टुक-टुक होतं. तो बिघाड नाही.

पहिला शब्द खाल्ला जातो

“गेट नंबर दोन बंद करा” असं सांगितलं आणि पलीकडे “नंबर दोन बंद करा” एवढंच पोचलं, तर कोणी लिफ्ट नंबर दोन बंद करतो. “सोडू नका” मधलं “सोडू” गेलं तर पलीकडे नुसतं “नका” पोचतं, त्याची तऱ्हा आणखी वेगळी.

यात यंत्राचा दोष नसतो. बटन दाबल्यावर सेटला बोलतं व्हायला क्षण लागतो. बॅटरी वाचवायला पलीकडचा सेट डुलक्या घेत असतो, त्याला जागं व्हायला क्षण लागतो. मग सूर ओळखायचा. ६७ हर्ट्झच्या सुराची एक लाट सुमारे १५ मिलिसेकंदांची, आणि ओळख पटायला अशा कित्येक लाटा लागतात. सुराचा आकडा मोठा असेल तर काम थोडं लवकर होतं. हे सगळं मिळून पहिलं अक्षर जातंच.

म्हणून दाबा, मनात “एक” म्हणा, मग बोला. शेवटचं अक्षर संपल्यावरच बोट उचला. ज्याला बोलवायचं त्याचं नाव आधी आणि दोनदा घ्या: “गेट, गेट, ऑफिस बोलतंय.” पहिलं “गेट” गेलं तरी दुसरं उरतं. पुरेशा बॅटऱ्या असतील तर मेनूतला बॅटरी सेव्हर बंद करा. आवाजावर आपोआप चालू होणारी वॉक्स ही सोय ढोल-ताशाच्या आसपास बंदच हवी. एकतर ती पहिला शब्द हमखास खाते, दुसरं म्हणजे ताशाची काडी पडली की सेट बोलायला लागतो आणि चॅनल अडवून बसतो.

बटन दाबलं की सेट मरतो

पडद्यावर बॅटरीच्या तीन दांड्या, आणि बटन दाबताच सेट बंद होऊन पुन्हा सुरू. ऐकायला अगदी थोडी वीज पुरते, बोलताना तिच्या कित्येक पट लागते. थकलेली बॅटरी ऐकण्यापुरती तग धरते आणि बोलायचा भार पडला की तिचा व्होल्ट कोसळतो. दांड्या भार नसतानाचा व्होल्ट दाखवतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

तपासायची सोपी रीत: चांगल्या चालणाऱ्या सेटची बॅटरी याला लावा, याची त्याला. दुखणं बॅटरीबरोबर गेलं तर बॅटरी दोषी, सेटपाशीच राहिलं तर सेट. मल्टिमीटर असेल तर ७.४ व्होल्ट लिहिलेली लिथियम बॅटरी रात्रभर चार्ज करून मोजा. ८.२ ते ८.४ च्या दरम्यान यायला हवी. ७.६ च्या आसपासच अडकत असेल तर आतली एक सेल गेली किंवा चार्जर तिला पूर्ण भरत नाही. मग दुसऱ्या चार्जरवर लावून पुन्हा मोजा.

नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी संपर्काच्या पट्ट्या बघा. सेटच्या पाठीला आणि चार्जरच्या कपात त्या असतात. घाम, पावसाचं पाणी आणि गुलाल यांचा काळपट थर त्यांच्यावर बसतो. सेट बंद करा, बॅटरी काढा, शाळेतल्या खोडरबराने पट्टी चमकेपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या. चार्जरच्या कपातल्या पट्ट्या स्प्रिंगच्या असतात. त्या दबून आत गेल्या असतील तर, प्लग काढून, टोकाने हलकेच वर उचला. रात्रभर ठेवूनही सेट रिकामाच राहतो, त्यात बहुतेकदा याच पट्टीचा हात असतो. पॉलिश पेपर मात्र नको. वरचा मुलामा निघाला की गंज लवकर चढतो.

बॅटरीवर खरेदीचा महिना मार्करने लिहून ठेवा. दोन-तीन वर्षं रोज वापरलेली बॅटरी थकणारच. आणि डब्यावरचे “दहा तास” पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के गप्प बसणं या हिशोबाचे असतात. मिरवणुकीत नव्वद टक्के गप्प कोण बसतो? पुण्यातली विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते. तिथे एका सेटला एक बॅटरी म्हणजे काहीच नाही, निदान दोन आणि वाटेत चार्जिंगची एक जागा हवी.

सगळ्यांचंच एकदम बंद

एक सेट बिघडला तर एक माणूस तुटतो. सगळे एकदम तुटले तर कुठेतरी एक बटन अडकलंय. खुर्चीत बसलेल्या वॉचमनच्या मागच्या खिशात सेट दाबला गेलेला असतो, किंवा कॉलर-माइकचा दोन दांड्यांचा प्लग अर्धवट खोचलेला असतो. हा प्लग शेवटचा टक आवाज होईपर्यंत आत जावा लागतो. दोन मिलिमीटर बाहेर राहिला तर आतले संपर्क चुकीच्या जागी टेकतात आणि सेट स्वतःहून बोलायला लागतो. कपड्यांची सळसळ, कोणाचं तरी खाजगी बोलणं सगळ्यांना ऐकू यायला लागलं, की हेच समजायचं.

शोधायचं कसं? सेटवरून विचारून उपयोग नाही, कारण ज्याचं बटन अडकलंय त्याला ऐकूच येत नाही. दुसरा चॅनल आधीच ठरलेला हवा: “पाच मिनिटं गोंधळ झाला तर सगळे ७ वर.” सगळे तिकडे गेले की जो हजेरी देत नाही, सेट त्याच्याकडे. कायमचा इलाज म्हणजे मेनूतला टाइम-आउट टायमर ६० सेकंदांवर लावणं. बटन अडकलं तरी मिनिटाने सेट स्वतःच गप्प होतो.

याच जातीतला दुसरा त्रास वरच्या गोल चॅनल-कळीचा. सेट कमरेला लावून जिना चढताना ती पट्ट्याला घासून एक घर सरकते आणि तो माणूस नकळत दुसऱ्या चॅनलवर जातो. की-लॉकने बटनं अडतात, ही कळ पुष्कळ सेटांत अडत नाही. ठरलेल्या चॅनलसमोर कळीवर आणि कडेवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. दोन ठिपके समोरासमोर नसतील तर अंधारातही कळतं.

आवाज येतो, शब्द कळत नाहीत

माइक तोंडात घालून ओरडणं हे पहिलं कारण. चार-पाच बोटं अंतर, नेहमीचा आवाज, माइकच्या भोकावर बोट नाही. गोंगाट असेल तर आवाज वाढवण्याऐवजी माइक थोडा जवळ आणि तिरका धरावा.

एकाचाच आवाज सगळ्यांना फाटका येत असेल किंवा फारच बारीक येत असेल, तर मेनूतलं वाइड-नॅरो, म्हणजे चॅनलची रुंदी, बघा. वाइडवरून बोललेलं नॅरोवाल्याला फाटकं ऐकू येतं, नॅरोवरून बोललेलं वाइडवाल्याला पुटपुटल्यासारखं. ४४६ च्या पट्ट्यात सगळे नॅरो, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झ, वरच हवेत.

पावसात भिजल्यावर आवाज घुमल्यासारखा आला तर स्पीकरच्या जाळीत पाण्याचा पडदा धरलाय. जाळी खाली करून दोन झटके द्या. हेअर ड्रायर लावू नका, आतली रबरी सील सुटते.

आणि आता रेंज

डब्यावर “१० किलोमीटर” लिहिलेलं असतं. दीड मीटर उंचीवर सेट धरलेल्या दोन माणसांमध्ये पृथ्वीच्या गोलाईशिवाय काहीच आड नसेल, तर गणित जवळपास तिथेच येतं. पण आड सगळंच असतं. अर्ध्या वॉटचा सेट मोकळ्या मैदानात दोन-तीन किलोमीटर, इमारतींच्या दाटीत काहीशे मीटर, आणि दोन मजली तळघरातून कधी कधी रस्त्यावरही पोचत नाही. सह्याद्रीत एका माथ्यावरून समोरच्या माथ्याशी कितीतरी लांबून गप्पा होतात, आणि त्याच डोंगराच्या मागच्या नाळेत उतरलेला गडी दोनशे मीटरवर असून सापडत नाही. वॉट वाढवून यात फारसं हाती लागत नाही. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते, आणि लोखंडी गजांचा स्लॅब चौपट शक्तीलाही फारशी दाद देत नाही.

जागा बदलल्याने मात्र पुष्कळ साधतं. सेट कमरेवरून काढून चेहऱ्यासमोर, अँटेना सरळ उभी धरून बोला. कमरेला असताना बरीचशी शक्ती अंगातच मुरते. आवाज तुटला तर दोन पावलं सरका. या लहरीची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर आहे. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना खोडतात तिथे मेलेली जागा तयार होते, आणि अर्ध्या पावलावर जिवंत जागा सापडू शकते. एलईडीची भिंत, साउंडचा ट्रक, जनरेटर यांना खेटून उभे राहू नका. तिथे सेट बहिरा होतो. दहा पावलं लांब गेल्यावर ऐकू यायला लागलं, तर तोच गुन्हेगार.

तळघरासाठी साधा उपाय म्हणजे मधला माणूस. रॅम्पच्या तोंडाशी उभा राहील असा एक जण नेमा. तो खालचं वर आणि वरचं खाली शब्दशः सांगेल. लिफ्ट म्हणजे पत्र्याचा डबा, तिच्यातून अपेक्षा ठेवू नये. आत शिरण्याआधी “लिफ्टमध्ये जातोय” सांगायची सवय लावावी.

एवढं करूनही भागत नसेल तर मोठ्या शक्तीचे सेट आणि रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा सोडणारं यंत्र, पण त्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे पाच वॉटचे, कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर जाणारे सेट मंडळासाठी घेऊ नयेत. ते परवानामुक्त पट्ट्यात बसत नाहीत, आणि चुकून पोलिसांच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या चॅनलवर गेलात तर प्रकरण अंगाशी येतं. अशा विक्रीला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या. विकत घेताना फ्रिक्वेन्सी आणि ईटीए, म्हणजे उपकरणाची प्रकार-मंजुरी, या दोन गोष्टी विचारा. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेल्यानेही आपली फ्रिक्वेन्सी सोसायटीच्या किंवा मंडळाच्या कामाला द्यायची नसते.

सेट दुरुस्तीला पाठवायचाच झाला तर “बिघडला” एवढी चिठ्ठी लावू नका. लाल लागतो का, हिरवा लागतो का, चांगली बॅटरी लावून पाहिली का, कॉलर-माइक काढल्यावर फरक पडतो का, चॅनल आणि सूर किती हर्ट्झचा, आणि पाण्यात पडला होता का, हे लिहा. शेवटचं खरं लिहा. उघडल्यावर ते दिसतंच.